सिव्हिलची डिग्री आणि नौदलाचं वेड: सॅपर व्हावं की एमईएसमध्ये जावं?

"मावशी, नेव्हीत सिव्हिल इंजिनिअर ऑफिसर होता येतं का गं?" शेवटच्या वर्षाला असलेल्या भाचीने मला हे विचारलं तेव्हा तिने नुकतंच रिअर अ‍ॅडमिरल कॅथरीन ग्रेगरींबद्दल वाचलेलं होतं. अमेरिकन नौदलात सिव्हिल इंजिनिअर अधिकाऱ्यांची वेगळी कोअर 1867 पासून आहे. ग्रेगरी 2012 मध्ये तिच्या प्रमुख झाल्या.

आपल्या नौदलात अशी कोअर नाही. धक्के, धावपट्ट्या, क्वार्टर्स यांचं काम बहुतेक करून मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, म्हणजे एमईएस बघते. एमईएस तिन्ही दलांची. तिथे लष्कराचे वर्दीतले इंजिनिअर अधिकारी आणि यूपीएससीतून आलेले नागरी अधिकारी एकाच कचेरीत असतात. मी तिथेच ज्युनिअर इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे दोघांच्याही हाताखाली काम केलंय.

पहिली वाट लष्कराची, सॅपर म्हणजे लष्करी इंजिनिअर होण्याची: शॉर्ट सर्व्हिस कमिशन टेक्निकल, म्हणजे ठरावीक वर्षांसाठीचं अधिकारीपद. लेखी परीक्षा नाही, डिग्रीच्या मार्कांवर छाननी, मग पाच दिवसांचं एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीची मुलाखत आणि चाचण्या. वय 20 ते 27. निवड झाली की 49 आठवडे कसून प्रशिक्षण. एक गोष्ट मुली हमखास विसरतात: सिव्हिलची डिग्री म्हणजे कोअर ऑफ इंजिनिअर्सच मिळेल असं नाही, सिग्नल्स, म्हणजे संदेशवहनाची शाखाही मिळू शकते. इंजिनिअर्स मिळालं तर पुण्यात दापोडीच्या सीएमईशी, म्हणजे लष्करी इंजिनिअरिंगच्या कॉलेजशी गाठ पडतेच. बेली पुलाचं, म्हणजे सुटे भाग जोडून उभारायच्या लोखंडी पुलाचं, एक पॅनेल साधारण 260 किलोचं, सहा जणांनी उचलायचं. तो पूल रात्रीच्या अंधारात, ठरल्या वेळात उभा करून घेणं ही तुमची जबाबदारी. इथे आधी जवानांचं नेतृत्व, मग इंजिनिअरिंग. बेंगॉल सॅपर्सच्या कॅप्टन शिवा चौहान जानेवारी 2023 मध्ये सियाचिनच्या कुमार पोस्टवर, 15,600 फुटांच्या आसपास, तैनात झाल्या. त्याही सिव्हिलच्याच. हे वाचून अंगावर काटा आला असेल तर तुमचं उत्तर मिळालं.

यातली अडचण पुढची आहे. कमिशन 10 वर्षांचं, फार तर 14. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2020 च्या निकालानंतर मुलींना कायम कमिशनची दारं उघडली, पण ते प्रत्येकीला मिळतंच असं नाही. न मिळाल्यास पस्तिशी-अडतिशीत, पेन्शनशिवाय बाहेर पडावं लागतं. घरच्यांशी हे आधीच बोलून ठेवा.

दुसरी वाट यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षेतून एमईएसची. वय 21 ते 30. अभ्यास दोन-दोन वर्षं खातो आणि चांगल्या रँकशिवाय मनासारखी सेवा मिळत नाही. पण एकदा आत गेलात की साठीपर्यंत इंजिनिअरच. सुरुवातीचं मूळ वेतन दोन्हीकडे 56,100. वर्दीवाल्यांना त्यावर 15,500 मिलिटरी सर्व्हिस पे. मला विचाराल तर या फरकावर निर्णय घेऊ नका.

एमईएसमधलं काम कसं असतं ते सांगते. ओहोटीला दीड-दोन तास मिळायचे. आम्ही होडीतून धक्क्याच्या खाली जायचो, आमच्या अधिकारी मॅडम हातोडीने एकेक बीम ठोकत पुढे सरकायच्या. चांगलं काँक्रीट टण्ण वाजतं. खारं पाणी आत मुरून सळई गंजली, फुगली, की तेच काँक्रीट ढब असा आवाज देतं. तिथे खडूने गोल काढायचा. भरती आली की वर येऊन अंदाजपत्रक, टेंडर, आणि मग एमबीतलं, म्हणजे मोजमाप-वहीतलं मोजमाप. ठेकेदाराने कितीही घाई केली तरी मोजल्याशिवाय मॅडमची सही नाही. निम्मं आयुष्य फाइलीत जातं हे खरं. पण त्या धक्क्याला युद्धनौका लागते तेव्हा आपण गोल काढलेले बीम डोळ्यांसमोर येतात, आणि माझ्यासाठी यासारखं दुसरं समाधान नव्हतं.

त्याच परीक्षेतून सीमा सडक संघटनेतही जाता येतं. वर्ध्याच्या वैशाली हिवसे एप्रिल 2021 मध्ये तिथल्या रोड कन्स्ट्रक्शन कंपनीच्या प्रमुख झाल्या, उत्तराखंडात चीन सीमेकडच्या रस्त्यावर. समुद्र नाही, डोंगर.

आणि नौदलाची पांढरी वर्दीच हवी असेल तर? नेव्हल कन्स्ट्रक्टर शाखेच्या जाहिरातींत सिव्हिलही चालल्याचं मी पाहिलंय, दर वेळी पात्रता नीट वाचा. मात्र तिथे हातात जहाजाचा सांगाडा येतो. माती, पाया, काँक्रीट सुटतं. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमधली 281 मीटर लांबीची ड्राय डॉक, म्हणजे पाणी उपसून जहाज दुरुस्त करायची गोदी, पाहून ज्यांना डॉकमधल्या जहाजापेक्षा डॉकच्या भिंतीचं कुतूहल वाटतं, त्यांनी तिकडे जाऊ नये.

माझा कौल समुद्रकाठच्या बांधकामासाठी एमईएसला. फक्त क्रम उलटा ठेवा. लष्कराची वयोमर्यादा तीन वर्षं आधी संपते, म्हणून एसएसबी आधी देऊन बघा.

भाचीने लष्कराचा फॉर्म भरलाय. पहाटे पाचला धावायला जाते, आणि परत आली की ओल्या केसांनीच सॉइल मेकॅनिक्सचं पुस्तक उघडते.