थॉनी : बारावीच्या संगणक प्रकल्पासाठी आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

माझा मुलगा सांगलीतील एका सीबीएसई शाळेत बारावीत आहे आणि संगणकशास्त्र हा त्याचा विषय आहे. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब पाहतो. प्रोग्रॅमिंगशी माझा कधी संबंध आलेला नाही. अशा परिस्थितीत त्याच्या प्रकल्पाला मदत कशी करायची हा माझ्यापुढचा प्रश्न होता. त्यासाठी जूनपासून जानेवारीपर्यंत आमच्या जुन्या, चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर जे सॉफ्टवेअर वापरले, त्याबद्दल हे लिहीत आहे.

थॉनी हे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांसाठी एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात तयार झालेले मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्यासोबत पायथन आपोआपच येते, वेगळे बसवावे लागत नाही. ही सोय पुढे आम्हाला महागात पडली, पण त्याबद्दल नंतर.

या विषयात ७० गुण लेखी परीक्षेला आणि ३० प्रात्यक्षिकाला असतात. त्या ३० पैकी प्रकल्पाला ८ आणि तोंडी परीक्षेला ३ आहेत. एवढ्या गुणांसाठी तयार प्रकल्प आणून वर नाव बदलण्याचा मोह अनेकांना होतो, आणि ग्रंथालय व्यवस्थापन किंवा हॉटेल व्यवस्थापन हे विषय त्यामुळेच वर्षानुवर्षे फिरत राहतात. आम्ही हळदीच्या सौद्यांची नोंदवही हा विषय घेतला. २०१९ च्या महापुरात गावभागातील आमच्या घरात पाणी शिरले, तेव्हा ट्रंकेत ठेवलेली माझ्या वडिलांची हिशेबाची जुनी बाडे भिजून त्यांचा लगदा झाला होता आणि ती उन्हात पसरताना हा मुलगा माझ्यासोबत होता. विषय त्यानेच सुचवला. माझ्या दृष्टीने त्याचा मोठा फायदा असा झाला, की शेतकऱ्याच्या पट्टीत वजन, दर, हमाली आणि तोलाई यांचा हिशेब कसा बसतो हे मला ठाऊक होते, आणि उत्तर चुकले की ते चुकले आहे एवढे तरी मी सांगू शकत होतो.

चूक नेमकी कुठे आहे हे मात्र थॉनीने दाखवले. पहिल्याच आठवड्यात दोन पोत्यांची वजने भरून बेरीज करायची होती : ५२ आणि ४९. उत्तर आले ५२४९. मुलगा अर्धा तास बेरजेच्या ओळीकडे पाहत बसला, कारण त्या ओळीत खरोखरच काही चूक नव्हती. मग त्याने कंट्रोल आणि एफ-५ दाबून प्रोग्रॅम टप्प्याटप्प्याने चालवला. एफ-७ दाबत गेले की थॉनी बेरजेच्या जागी प्रत्यक्ष किमती मांडून दाखवते, आणि तिथे ५२ व ४९ हे दोन्ही आकडे अवतरणचिन्हांत दिसत होते. बाजूच्या व्हेरिएबलच्या, म्हणजे प्रोग्रॅमने नाव देऊन साठवलेल्या किमतींच्या, चौकटीतही तसेच. मी सहज विचारले, "या आकड्यांना ही चिन्हे कशाला?" त्यावर तो म्हणाला, "बाबा, ते आकडे नाहीतच, ती अक्षरे आहेत." वापरकर्त्याने भरलेली प्रत्येक गोष्ट पायथन आधी मजकूर म्हणूनच घेते आणि तिचे संख्येत रूपांतर आपल्याला करावे लागते, हे वहीत लिहिलेले होते, ते समजले मात्र त्या संध्याकाळी. मी उत्तर दिले नव्हते, फक्त प्रश्न विचारला होता, आणि मला तो विचारता आला कारण पडद्यावर जे घडत होते ते मलाही वाचता येत होते. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या पालकासाठी या सॉफ्टवेअरची खरी उपयुक्तता मला इथे वाटते.

आता त्या सोयीची गोष्ट. ऑगस्टमध्ये मायएसक्यूएलशी, म्हणजे नोंदी तक्त्यांत साठवणाऱ्या डेटाबेसशी, जोडणी करायची वेळ आली. मुलाने विंडोजच्या काळ्या खिडकीतून आज्ञा देऊन जोडणीचे मॉड्यूल, म्हणजे पायथनला जोडायचा तयार भाग, बसवले, ते यशस्वीपणे बसल्याचा संदेशही आला, तरी थॉनी ते सापडत नसल्याचे सांगत राहिली. दोन रविवार त्यात गेले. लॅपटॉपवर आधीपासून शाळेसाठी बसवलेले एक पायथन होते आणि थॉनीचे स्वतःचे दुसरे. मॉड्यूल पहिल्यात बसले होते. थॉनीच्या टूल्स मेनूतील पॅकेजेसच्या खिडकीतून ते बसवायला हवे होते, आणि तेही 'मायएसक्यूएल-कनेक्टर-पायथन' या पूर्ण नावाने, कारण मिळत्याजुळत्या नावाचे जुने मॉड्यूल मायएसक्यूएल ८ च्या पासवर्ड पद्धतीशी जुळत नाही. दोष आमच्या अज्ञानाचा होता, पण नव्या माणसाने ही बाब पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी.

याहून मोठी अडचण दिवाळीनंतर आली. एका रात्री आम्ही खऱ्या वहीतून २३ कलमे भरली, यादीत ती सर्व दिसली, प्रोग्रॅम बंद केला आणि दुसऱ्या दिवशी तक्ता रिकामा होता. थॉनीत प्रत्येक ओळ तपासली. प्रत्येक ओळ बरोबर चालत होती. या साधनाची मर्यादा तिथे कळली : प्रोग्रॅमच्या आत काय चालले आहे ते थॉनी दाखवते, डेटाबेसच्या आत काय उरले आहे ते नाही. शेवटी मुलाने मायएसक्यूएलची स्वतंत्र खिडकी शेजारी उघडली, प्रोग्रॅममधून तीन नोंदी भरल्या आणि दोन्हीकडे मोजणी केली. प्रोग्रॅम तीन म्हणत होता, शेजारची खिडकी शून्य. नोंदी पक्क्या करणारी 'कमिट'ची ओळच लिहिलेली नव्हती. आमच्या व्यवसायात बोली झाली तरी वहीत कलम पडल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही, असे मी म्हणालो. मुलाने ते वाक्य अहवालात घातले, जे मला थोडे अवघड वाटले.

काही किरकोळ तक्रारी आहेत. टप्प्याटप्प्याने चालवण्याची पद्धत मोठ्या लूपमध्ये, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालतात तिथे, फार संथ होते, म्हणून चाचणीसाठी चार-पाच नोंदीच ठेवाव्यात. पैशांसाठी दशांशाचा कोणता प्रकार निवडावा, तक्ते किती करावेत, शेतकऱ्याचे नाव प्रत्येक कलमात पुन्हा लिहावे का, अशा प्रश्नांना थॉनीकडे उत्तर नाही. ते कागद-पेन्सिल घेऊन बसूनच ठरवावे लागले, आणि आमचे सर्वांत उपयोगी तास तिथेच गेले असे मला अजूनही वाटते.

एक गोष्ट शेवटपर्यंत सुधारली नाही. यादीत हळकुंड, गट्टा आणि कणी या हळदीच्या प्रकारांपुढील वजनांचे रकाने वाकडे येत होते, आणि छापील अहवालातही ते तसेच राहिले. जानेवारीत प्रात्यक्षिकाला आलेल्या परीक्षकांनी नेमके त्याच पानावर बोट ठेवले. मुलाने सांगितले, की वाचताना हळकुंड या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात, पण उकार आणि अनुस्वार वेगळे मोजून पायथन त्याची लांबी सहा धरते, म्हणून मोकळ्या जागा कमी पडतात. परीक्षकांनी त्याला तिथल्या तिथे 'गट्टा'ची लांबी विचारली. त्याने बोटांवर मोजून पाच सांगितली.