घरच्या लिनक्सवर बॅकअप: आरसिंक, बोर्ग की रेस्टिक?

बॅकअपचं साधन निवडताना पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘कॉपी किती वेगात होते?’ असा असतो. मी दोन वेगळे प्रश्न आधी विचारायला सांगेन. डिस्क गेल्यावर फाइल परत कोण काढणार? आणि कोणत्या दिवसाची फाइल परत हवी असणार? या दोन उत्तरांवर आरसिंक, बोर्ग आणि रेस्टिक या तीन बॅकअप प्रोग्रामांतलं एक जवळजवळ आपोआप ठरतं.

माझ्याकडे सांगलीला जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स आहे, त्याला यूएसबीने जोडलेला ड्राइव्ह, आणि त्यात सुमारे ३०० जीबी: घरचे फोटो, व्हिडिओ, आईबाबांची स्कॅन केलेली कागदपत्रं, हिशेबाच्या फाइली. तिन्ही साधनं यावर चालवून पाहिली आहेत. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या.

आरसिंक सगळ्यांत जुनं, १९९६ सालचं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी केलेलं. आजही कुठल्याही लिनक्सवर एका मिनिटात मिळतं. त्याचा सगळ्यांत मोठा गुण असा की बॅकअपमध्ये साध्या फाइली असतात. ड्राइव्ह काढा, दुसऱ्या मशीनला लावा, फोल्डर उघडा. पासवर्ड लागत नाही, खास प्रोग्राम लागत नाही. घरात टर्मिनल जाणणारे तुम्ही एकटेच असाल, तर तुमच्या गैरहजेरीत लग्नाचे फोटो बाकीच्यांना याच मार्गाने मिळतील.

मूळ कमांड एवढीच: ‘आरसिंक -ए --डिलीट /फोटो/ /बॅकअप/’. पहिल्या पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ विसरू नका. ती असली तर फोल्डरच्या आतलं सामान जातं, नसली तर ‘फोटो’ नावाचं फोल्डरच ‘बॅकअप’च्या पोटात जाऊन बसतं. नवी कमांड पहिल्यांदा ‘-एन’ लावून चालवा. मग ती काहीच बदलत नाही, आणि सोबत ‘-व्ही’ असेल तर काय करणार होती त्याची यादी दाखवते.

पण आरसिंकला आठवण नसते. आज जे आहे तेवढंच त्याला कळतं. एका पावसाळ्यात रात्रभर लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरीही संपली. सकाळी मशीन सुरू झालं, पण फोटोंचा ड्राइव्ह माउंट झाला नव्हता, म्हणजे त्याच्या फोल्डरला जोडला गेला नव्हता. एफएसटॅब या ड्राइव्हच्या यादीच्या फाइलमध्ये मी ‘नोफेल’ (ड्राइव्ह नसला तरी अडू नको) लिहिलेलं होतं, म्हणून मशीन त्याच्याशिवायच उभं राहिलं. रात्री दोनला क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामने, आरसिंक चालवलं. त्याला फोटोंची जागा रिकामी दिसली आणि ‘--डिलीट’प्रमाणे (मूळ जागी नाही ते बॅकअपमधूनही पुसा) त्याने बॅकअपही रिकामा केला. मूळ ड्राइव्ह शाबूत होता म्हणून निभावलं, पुन्हा सगळं कॉपी करता आलं. पण तो ड्राइव्ह खरोखर मेला असता, तरी नेमकं हेच घडलं असतं. ज्या रात्री बॅकअपची गरज, त्याच रात्री बॅकअप साफ.

तेव्हापासून माझ्या कमांडच्या आधी ‘माउंटपॉइंट -क्यू /फोटो &&’ असतं. ड्राइव्ह जागेवर नसेल तर पुढचं चालतच नाही. शिवाय ‘--मॅक्स-डिलीट=१००’. म्हणजे एका फेरीत शंभरापेक्षा जास्त फाइली पुसल्या जाणार नाहीत. आरसिंक निवडत असाल तर हे दोन्ही पहिल्या दिवसापासून ठेवा.

आरसिंकला आठवण देता येते, ‘--लिंक-डेस्ट’ने. रोजचं वेगळं फोल्डर बनतं, न बदललेल्या फाइली हार्डलिंकने (त्याच फाइलला दुसरं नाव देऊन) जोडल्या जातात आणि जागा फक्त नव्या फाइलींना लागते. मात्र दुकानातून आणलेला ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये असतो आणि त्यात हार्डलिंक होत नाहीत. तो लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटमध्ये करून घ्यावा लागतो, मग तो विंडोजवर सरळ उघडत नाही. दुसरी अडचण रोजच्या वापरातली. ‘गणपती’ या फोल्डरचं नाव बदलून ‘गणपती २०२३’ केलंत, की आरसिंकच्या लेखी ते सगळे फोटो नवे. ते पुन्हा कॉपी होतात.

बोर्ग आणि रेस्टिक इथे पुढे आहेत. दोघंही फाइलींचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा एकदाच साठवतात, आणि दर फेरीला त्या दिवसाचं पूर्ण चित्र नोंदवतात. फोल्डरचं नाव बदला, जागा बदला, नवा भार जवळजवळ शून्य. तीन आठवड्यांपूर्वीची हिशेबाची फाइल हवी असेल तर ‘बोर्ग माउंट’ किंवा ‘रेस्टिक माउंट’ करून तो दिवस फोल्डरसारखा उघडता येतो. कॉम्प्रेशन दोघांतही आहे, रेस्टिकमध्ये ते २०२२ च्या ०.१४ आवृत्तीपासून आलं. फोटोंसाठी त्यावर निर्णय करू नका, जेपेग आधीच दाबलेलं असतं.

दोघांतला खरा फरक बॅकअप कुठे पाठवायचा याचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा एकाच कपाटात मूळ आणि बॅकअप ठेवणं म्हणजे काय, ते आमच्या भागात अनेकांना समजलं. एक प्रत घराबाहेर हवीच. बोर्गला व्यवहारात पलीकडच्या मशीनवरही बोर्ग बसवलेलं लागतं. पुण्यातल्या भावाकडे तुमच्या ताब्यातलं लिनक्स मशीन कायम चालू असेल तर ते छान चालतं. रेस्टिकला पलीकडे नुसती एसएफटीपीने फाइली पाठवायची सोय पुरते, आणि एस३ किंवा बॅकब्लेझ बी२ सारख्या भाड्याच्या जागेवरही ते थेट लिहितं. घरातले तीन लॅपटॉप एकाच रेस्टिक साठ्यात एकाच वेळी बॅकअप घेऊ शकतात. बोर्गमध्ये साठ्याला कुलूप लागतं, एकाचं झालं की दुसऱ्याचं. मोठ्या साठ्यावर रेस्टिक मेमरी जास्त घेतं, एवढं एक १ जीबीच्या छोट्या मशीनवर लक्षात ठेवा.

पहिल्या फेरीचा अंदाज करून बसा. ४० एमबीपीएस अपलोड सलग मिळाला तरी ३०० जीबी जायला सुमारे १७ तास लागतात. मध्ये लाइट गेली तरी घाबरू नका, पोचलेले तुकडे पुढच्या फेरीत बहुतेक सगळे वापरले जातात. फक्त जुनं कुलूप अडकलेलं राहू शकतं. दुसरी फेरी चालू नाही याची खात्री करा आणि ‘रेस्टिक अनलॉक’ किंवा ‘बोर्ग ब्रेक-लॉक’ द्या. जुन्या प्रती छाटताना रेस्टिकला ‘फरगेट’सोबत ‘--प्रून’ लागतं. बोर्गमध्ये १.२ पासून ‘प्रून’नंतर ‘कॉम्पॅक्ट’ चालवल्याशिवाय जागा सुटत नाही. ड्राइव्ह भरत चाललाय असं वाटणाऱ्या बऱ्याच जणांचं उत्तर इथेच सापडतं.

वेळापत्रकासाठी, मशीन चोवीस तास चालू राहत नसेल तर क्रॉनपेक्षा सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामचा टायमर घ्या. ‘पर्सिस्टंट=ट्रू’ (यात पहिलं ‘पी’ मात्र मोठं) लिहिलं की बंद असताना चुकलेली फेरी मशीन सुरू झाल्यावर होते.

मग कोणतं? फक्त फोटो आहेत, ते बदलत नाहीत, आणि घरच्यांनी स्वतः उघडावेत असं वाटतं: आरसिंक, वरच्या दोन अटींसह. नातेवाइकाकडे तुमचं लिनक्स मशीन आहे: बोर्ग. बाकी सगळ्यांना, आणि एकच साधन शिकायचं असेल त्यांनाही, मी रेस्टिक सुचवेन. माझ्याकडे कपाटातल्या ड्राइव्हवर आरसिंकने साधे फोटो जातात आणि घराबाहेर रेस्टिकने सगळं.

रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर साठा कोणीच उघडू शकत नाही. बोर्गमध्ये ‘कीफाइल’ निवडलीत तर साठा उघडायची किल्ली तुमच्याच डिस्कवर राहते. ती डिस्क मेली की पासवर्ड आठवूनही उपयोग नाही, म्हणून ‘रेपोकी’ (किल्ली साठ्यातच राहते) घ्या किंवा ‘बोर्ग की एक्स्पोर्ट’ने किल्ली बाहेर काढून ठेवा. माझा पासवर्ड कागदावर लिहून आईच्या कागदपत्रांच्या फाइलीत आहे, खाली ‘रेस्टिक रिस्टोअर लेटेस्ट’ची पूर्ण कमांड. दर दिवाळीच्या सुट्टीत भाचा तो कागद समोर ठेवून एक फोल्डर परत काढतो आणि मी शेजारी बसतो, कीबोर्डला हात न लावता.