‘हिमालयन ऐसे ही चलती है’: मनालीत भाड्याने घेतलेल्या गाडीने मला काय दाखवलं

मनालीहून लेहला भाड्याच्या गाडीवर एकटं जायचा विचार ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यातही ज्यांनी वर्षानुवर्षं एकच गाडी चालवली आहे त्यांनी जरूर वाचावं. मी त्यांच्यातलाच. नाशिकमध्ये 22 वर्षं मी स्प्लेंडर चालवतोय. मुलगा ती घेऊन गल्लीत शिरला की चेन सैल झालीय हे मला घरात बसून कळतं. रॉयल एन्फील्डची हिमालयन मात्र मी त्याआधी कधी हातात धरली नव्हती. कुठला आवाज तिचा नेहमीचा आणि कुठला बिघाडाचा, हे मला माहीत नव्हतं. माझी फसवणूक झाली ती याच अज्ञानावर.

सप्टेंबरमध्ये जायचं ठरलं होतं. पावसाचा जोर ओसरलेला असतो, नाल्यांना पाणी कमी असतं, म्हणून तोच महिना धरला. जुलैमध्येच मनालीतल्या एका भाडेवाल्याशी फोनवर बोललो. 411 सीसीची हिमालयन, दिवसाला 1,500 रुपये, 9 दिवस. गाडी काळ्या नंबरप्लेटची असेल, कागदपत्रं पक्की असतील, लेहच्या पुढे नुब्रा-पँगाँगलाही चालेल, असं सगळं तो बोलला. मी 3,000 रुपये आगाऊ पाठवले. मेसेजमध्ये मात्र त्याने फक्त ‘बुकिंग कन्फर्म’ एवढंच लिहिलं. बाकीचं सगळं तोंडी.

चंदीगडहून रात्रीच्या बसने मनालीला पोचलो. दुकानात गेलो तर त्याने अगदी घरच्यासारखं बसवलं, चहा मागवला. कुठून आलात, घरी कोण असतं, एकटेच कसे, परतीची बस किती वाजता आहे, सगळं विचारलं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी 6 ची बस आहे हे मी आनंदाने सांगून टाकलं. परतीची वेळ त्याने का विचारली ते मला नऊ दिवसांनी कळलं.

गाडी सकाळी देतो म्हणाला, दुपारी देतो म्हणाला, आणि दिली संध्याकाळी साडेसातला. “सुबह जल्दी निकलना है ना, अभी ले जाओ.” उजेड गेला होता. मी मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ काढायला लागलो तर त्याने खांद्यावर हात ठेवला, “भाईसाब, इतना भी भरोसा नहीं?” मला संकोच वाटला. अर्धवट काढून मोबाइल खिशात घातला.

आणि नंबरप्लेट पांढरी होती.

हे नीट समजून घ्या. स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि तीवर पिवळी अक्षरं असतात. मोटारसायकली भाड्याने देण्यासाठी 1997 ची केंद्र सरकारची स्वतंत्र योजना आहे, तिच्याखाली परवाना घ्यावा लागतो. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. ती भाड्याने फिरवताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, काळ्या नंबरची गाडी कालच्या गिऱ्हाईकाने परत आणली नाही, हीसुद्धा तशीच आहे, “कोई पूछे तो बोलना दोस्त की गाड़ी है.” खोटं बोलायला शिकवून जो गाडी हातात देतो, त्याच्या दुकानातून मी त्याच क्षणी बाहेर पडायला हवं होतं. पण दोन महिन्यांची तयारी, नऊ दिवसांची मंजूर रजा आणि गेलेले 3,000 रुपये डोळ्यासमोर होते. उरलेलं भाडं दिलं, 10,000 रुपये अनामत दिली आणि आधार कार्डही दिलं, मूळ. त्याने पुढे केलेल्या छापील कागदावर सही केली. क्लच, ब्रेक आणि टायर यांची जबाबदारी गिऱ्हाईकाची, असं त्यात बारीक हिंदीत होतं. ते मी वाचलं परतीच्या दिवशी.

सकाळी निघताना दोन गोष्टी जाणवल्या होत्या. पुढचा ब्रेक दाबला की खरखर यायची आणि लिव्हर जवळजवळ मुठीला टेकायचा. गिअर टाकून क्लच सोडला तर गाडी अगदी शेवटी पकडायची, लिव्हर पूर्ण सुटत आल्यावर. दुकानाच्या पोऱ्याला दाखवलं. तो हसून म्हणाला, “हिमालयन ऐसे ही चलती है.” जवळजवळ 200 किलोची गाडी, पुढचं चाक 21 इंची; स्प्लेंडरवरून उठून तिच्यावर बसलेल्या माणसाला सगळंच वेगळं लागणार. मी ते मान्य केलं.

पहिला दिवस खरोखर सुंदर गेला. अटल बोगदा 9 किलोमीटरचा. या तोंडाशी देवदाराची हिरवी झाडी आणि त्या तोंडातून बाहेर पडलं की लाहौलचे उघडे डोंगर. टांडीला चंद्रा आणि भागा या नद्या मिळतात, तिथल्या पंपावर ती प्रसिद्ध पाटी पाहिली, पुढचा पंप 365 किलोमीटरवर. टाकी भरली, पाच लिटरचा कॅनही भरला. रात्री जिस्पाला मुक्काम.

दुसऱ्या दिवशी बारालाचा खिंडीचा चढ लागला तशी गाडी ओढेना. इंजिन ओरडायचं आणि वेग मात्र वाढायचा नाही. मला वाटलं, 4,800 मीटरच्या वर आलोय, हवा विरळ आहे, इंजिनाला प्राणवायू कमी पडणारच. दुकानदाराने तसं आधीच सांगून ठेवलं होतं, वर गेल्यावर दम कमी होतो, घाबरू नका. सरचूला तंबूत पोचलो तोवर डोकं ठणकत होतं आणि गाडीला जळका वास येत होता.

तिथे सांगलीची दोन पोरं भेटली, एमएच 10 च्या स्वतःच्या गाड्या घेऊन आलेली. त्यांतल्या एकाने माझी गाडी दोन मिनिटं चालवून पाहिली आणि जे सांगितलं ते मी आता भेटेल त्याला सांगतो. “काका, हवा विरळ असली तर इंजिनच फिरायला कुरकुर करतं, फेऱ्यांचा काटा वर चढत नाही. तुमचा काटा झपकन वर जातोय आणि गाडी जागेवर. हा क्लच घसरतोय.” सपाटीवर वरचा गिअर टाकायचा, वेग कमी ठेवायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम पिळायचा. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, वाढले आणि वेग वाढला नाही की क्लचप्लेटी संपल्या असं समजायचं. ही परीक्षा मनालीच्या बाजारातसुद्धा पाच मिनिटांत झाली असती. मग त्याने मागच्या चक्राजवळची चेन बोटांनी मागे ओढून दाखवली. ती दातांपासून अर्धा दात सुटून आली. चक्राचे दात कोयत्यासारखे वाकडे झिजलेले. इंजिनाच्या उजव्या बाजूला तेल पाहायची छोटी गोल काच असते, गाडी मधल्या स्टँडवर उभी करून तीत पाहायचं असतं. काचेत तेल दिसलंच नाही. त्याने स्वतःजवळचं तेल ओतलं, पैसे घेतले नाहीत.

तिसऱ्या दिवशी गाटा लूप्सची 21 वळणं पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, लाचुलुंग खिंडही तशीच, आणि दुपारी पांग. पांगच्या पुढे मोरेच्या पठारावर चढायला जी वळणं आहेत, त्यांतल्या तिसऱ्या वळणावर क्लचने पूर्ण हात टेकले. गाडी गिअरमध्ये, इंजिन चालू, चाक हलत नाही. गाडी उलटी सरकायला लागली आणि मी पुढचा ब्रेक दाबला, तो जेमतेम लागला. उजवीकडे दरी होती. सांगलीची पोरं मागून आली म्हणून आम्ही तिघांनी गाडी कडेला लावली. हे लिहितानाही ती सरकलेली चार-पाच फुटं मला आठवतात. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण तशा गाडीवर माणूस पाठवायला त्याला काहीच वाटलं नाही, याचा राग जास्त आहे.

माझा मोबाइल प्रीपेड. लडाखमध्ये बाहेरची प्रीपेड कार्डं चालत नाहीत, पोस्टपेड लागतं, आणि पांगच्या आसपास तर तेही नाही. एका रिकाम्या परतणाऱ्या पिकअपने 8,000 रुपये घेऊन मला आणि गाडीला लेहला नेलं. मोरेचं पठार आणि टांगलांग खिंड, ज्यांचे फोटो मी इतकी वर्षं पाहत होतो, ते मी पिकअपच्या काचेतून पाहिले.

लेहला पोचल्यावर त्या पोरांच्या फोनवरून भाडेवाल्याला फोन लावला. तो गोड बोलला. “आप बनवा लो, बिल ले आना, मैं दे दूंगा.” इथे माझी मोठी चूक झाली. फोन दुसऱ्याचा, बोलणं तोंडी, माझ्याकडे पुरावा शून्य. हॉटेलच्या वायफायवरून त्याच मिनिटाला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुम्ही आत्ता असं म्हणालात’ एवढं एक वाक्य पाठवलं असतं, तरी आज चित्र वेगळं असतं.

मेकॅनिकने गाडी खोलली. क्लचप्लेटी काळ्या पडून गुळगुळीत, क्लच केबलला पुढे अ‍ॅडजस्ट करायला आटेच उरले नव्हते. पुढच्या ब्रेकपॅडचा मसाला संपून धातू डिस्कवर घासत होता. तो म्हणाला, तीन-चार दिवसांत हे होत नाही, या गाडीने असा कितीतरी हंगाम काढलाय. दोन दिवस आणि 7,400 रुपये गेले. जुन्या प्लेटी आणि पॅड मी मागून घेतले. त्यानेच सांगितलं, बाहेरून भाड्याने आणलेली गाडी इथले भाडेवाले नुब्रा-पँगाँगच्या वाटेवर अडवतात, हा त्यांचा जुना नियम आहे. म्हणजे पुढच्या प्रवासाचं आश्वासनही खोटं. त्या रात्री एमपरिवहन या वाहनांच्या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला. विमा जूनमध्येच संपलेला. तृतीय पक्षाचा विमा नसताना गाडी रस्त्यावर आणणं हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे, पहिल्या वेळेला 2,000 रुपये दंड. पण दंडाचं सोडा, माझ्या हातून एखाद्याला धक्का लागला असता तर भरपाई कुणी दिली असती? हा नंबर आगाऊ रक्कम पाठवण्याआधी मागायचा असतो आणि अ‍ॅपवर टाकून पाहायचा असतो. नंबर द्यायला जो टाळाटाळ करेल त्याला पैसे देऊ नका.

गाडी तिथेच सोडून बसने परतावं असं वाटलं होतं. पण आधार आणि 10,000 त्याच्याकडे. जीव मुठीत धरून तीन दिवसांत तीच गाडी मनालीला परत आणली.

दुपारी 3 ला दुकानात पोचलो. मालक “आ रहे हैं” करत साडेचारला आला. बिल पाहिलंसुद्धा नाही. गाडीभोवती फिरला आणि वहीत लिहायला लागला. क्लच जाळला, 9,500. टाकीवर उजवीकडे पोचा, 6,000. क्रॅशगार्ड वाकला, 2,500. चेन-चक्र, 6,000. एकूण 24,000. अनामत वजा जाता आणखी 14,000 द्या आणि आधार न्या. मी लेहचं बिल, जुन्या प्लेटी काउंटरवर मांडल्या. तो म्हणाला, तुम्हाला हिमालयन चालवता येत नाही, अर्धा क्लच दाबून चालवलीत म्हणून जळला. नऊ दिवसांपूर्वी जी खरखर, जो उशिरा पकडणारा क्लच ‘हिमालयन ऐसे ही चलती है’ होता, तोच आता माझ्या हाताचा दोष झाला होता. गाडी माहीत नसलेल्या माणसाला हे दोन्ही वेळा गप्प करतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तो म्हणाला, “आपकी छह बजे की बस है ना?”

मी बस सोडली. 112 ला फोन केला, मग ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं, मालकाला बोलावलं आणि पहिला प्रश्न गाडीच्या भाड्याच्या परवान्याबद्दल आणि विम्याबद्दल विचारला. त्याबरोबर 14,000 ची मागणी गेली आणि आधार टेबलावर आलं. अनामतीचं मात्र ‘तुमचा आपसातला व्यवहार’ म्हणून तिथेच थांबलं. 10,000 अनामत, 7,400 दुरुस्ती, 8,000 पिकअप, असे 25,400 गेले.

तुमच्यावर अशी वेळ आली तर बसच्या तिकिटाकडे बघून पैसे देऊ नका. मूळ ओळखपत्र कुणाकडेच ठेवू नका, झेरॉक्स द्या. गाडी उजेडातच घ्या, आणि गाडी तुमच्या ओळखीची नसेल तर ती ओळखणारा एक माणूस सोबत न्या, नाहीतर गावातल्या कुठल्याही मेकॅनिकला 200-300 रुपये देऊन दाखवा. परत आल्यावर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यातून काही निघालं नाही तेव्हा कळलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही दाद मागता येते, मनालीला खेटे घालावे लागत नाहीत, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही नाही.

नाशिकला तक्रार दाखल केली आहे. सोबत लेहचं बिल, यूपीआयच्या नोंदी, विमा संपल्याचा स्क्रीनशॉट आणि जुन्या प्लेटींचे फोटो जोडलेत. त्या संध्याकाळचा व्हिडिओही जोडलाय. तो 40 सेकंदांचा आहे, आणि त्यात टाकीची उजवी बाजू एकदाही आलेली नाही.