रोजच्या वापराला एम३४०आय की सी २२० डी?

२०२२ च्या उन्हाळ्यात मी बीएमडब्ल्यू एम३४०आय घेतली आणि पुढच्या वर्षी दिवाळीत धाकट्या भावाने मर्सिडीज सी २२० डी घेतली. दोन्ही गाड्या पुण्यात कोथरूडच्या आमच्या सोसायटीत, बेसमेंटमध्ये शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि किल्ल्यांची अदलाबदल सारखी चालू असते. मी हिंजवडीला जातो, तो चाकणला. या दोघींत कुठली घ्यावी म्हणून कुणी अडलं असेल, तर मला जे कळलं ते सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी स्वतः चालवणार असाल, रोजचं अंतर थोडं असेल आणि मागची सीट बहुतेक दिवस रिकामी असेल, तर एम३४०आय घ्या. पण ती वेगासाठी घेऊ नका.

कागदावर दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या गाडीत तीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ३८७ अश्वशक्ती, ५०० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे चाकं फिरवणारा जोर), चारही चाकांना ताकद, शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. भावाच्या गाडीत दोन लिटरचं डिझेल, २०० अश्वशक्ती, ४४० न्यूटन मीटर, शंभर गाठायला ७.३ सेकंद. आता पौड फाट्याच्या सिग्नलला सकाळी पावणेनऊला उभे राहा आणि सांगा, ते ४.४ सेकंद कुठे वापरायचे? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरही मर्यादा १०० चीच आहे.

तरीही मला ही गाडी रोज आवडते, त्याचं कारण वेगळं आहे. सहा सिलिंडर एका ओळीत असले की पिस्टनचे धक्के एकमेकांना जिरवतात. चांदणी चौकाच्या रांगेत पंधरा-वीसच्या वेगाने सरकतानाही स्टीअरिंगवर थरथर जाणवत नाही, पायाच्या नुसत्या वजनाने गाडी पुढे सरकते. घरी पोचल्यावर माणूस दमलेला नसतो. भावाच्या डिझेललाही दोष देण्यासारखं काही नाही. इंजिनाला मदत करणाऱ्या ४८ व्होल्टच्या विजेच्या मोटरमुळे सिग्नलला बंद झालेलं इंजिन इतकं अलगद चालू होतं की कळतही नाही. पण ओव्हरटेक करायला पाय दाबला की आवाज येतो तो डिझेलचाच.

हिंजवडीची नऊ वाजताची गर्दी माझी गाडी सहज सोसते. तिला सोसत नाहीत ते आपले रस्ते.

माझ्या गाडीला रनफ्लॅट टायर आहेत. त्यांची बाजूची भिंत कडक असते. हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं, रात्री कात्रजच्या अंधारात जॅक काढून बसावं लागत नाही. पण तोच कडकपणा खड्ड्यात नडतो. गेल्या जुलैत वारज्याजवळ पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. 'धाड' असा आवाज झाला आणि पोटात गोळाच आला. दुसऱ्या दिवशी पुढच्या डाव्या टायरला लिंबाएवढं टेंगूळ आलेलं, अ‍ॅलॉयचं चाकही आतल्या बाजूने वाकलेलं. असं टेंगूळ आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकूनच द्यावा लागतो, आणि नवा वीस हजारांच्या खाली येत नाही. त्यातून माझ्या गाडीचे मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद आहेत, म्हणून पुढचे-मागचे अदलून झीज सारखी करण्याची सोय नाही. भावाचे टायर साधे आहेत. खड्डा त्याच्याही गाडीत जाणवतो, पण दणका बसत नाही, 'धप्प' होऊन गाडी पुढे जाते. सांधे दुखणारा कुणी घरात असेल तर हा फरक फार मोठा आहे. विमा घेताना झिरो डेप्रिसिएशनच्या (म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई) जोडीला टायरचं आणि इंजिनचं संरक्षण घ्याच. टायरचं खड्ड्यांसाठी, इंजिनचं पावसात तुंबलेल्या रस्त्यांसाठी.

स्पीडब्रेकरचंही तसंच. नियमाप्रमाणे उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर हवी. आमच्या गल्लीतला घरगुती उंचवटा जेमतेम हातभर रुंद आहे, आणि उंची विचारू नका. मी गाडी तिरकी घालतो, एकेक चाक चढवतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

मागच्या सीटबद्दल लोकांचा एक समज आहे की बीएमडब्ल्यू चालवायची आणि मर्सिडीजमध्ये बसायचं. मोठ्या मॉडेल्सना ते लागू असेल, इथे नाही. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर माझ्या गाडीत २८५१ मिलिमीटर, भावाच्या गाडीत २८६५. म्हणजे सगळा मिळून १४ मिलिमीटरचा फरक. आमची आई सत्तरीची आहे. दोन्ही गाड्यांत बसताना ती आधी दाराच्या वरची मूठ धरते, मग एकदम खाली टेकते, आणि उतरताना म्हणते, "हात दे रे." दोन्ही गाड्यांत तिचे गुडघे कमरेपेक्षा वर राहतात. मर्सिडीजची गादी मऊ आहे, एवढंच. आई-वडिलांना घेऊन दर महिन्याला कोल्हापूर करायचं असेल, तर या दोन्ही सोडा आणि माझ्या गाडीचीच लांब बहीण, म्हणजे लांब व्हीलबेसची बीएमडब्ल्यू ३ सिरीज बघा. तिच्यात हेच अंतर २९६१ आहे, म्हणजे मागे पायाला चांगलीच जागा मिळते. मात्र लांब गाडीचं पोट स्पीडब्रेकरवर लवकर टेकतं, तेही लक्षात ठेवा.

आता खर्च. माझी गाडी शहरात सहा-सात आणि हायवेला बारा-तेराचं अ‍ॅव्हरेज देते, तेही ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर. भावाची शहरात तेरा आणि सातारा रोडला सहज एकोणीस. महिन्याला हजार किलोमीटर शहरातच धरले तर नऊ-दहा हजारांचा फरक पडतो. म्हणून लगेच डिझेल घेऊ नका, आधी रोजचं अंतर बघा. डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळून टाकायला इंजिन बराच वेळ गरम राहून मोकळ्या रस्त्यावर पळावं लागतं. भावाला चाकणला जाता-येता ते आपोआप मिळतं. डेक्कनपर्यंतच्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत मिळत नाही, मग इशाऱ्याचा दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या वाऱ्या सुरू होतात. अशा वापराला पेट्रोलच बरं.

पासिंगचं गणितही आधी मांडा. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स आहे, डिझेलला १५. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. सत्तर लाखांच्या पेट्रोल गाडीवर हा ७ टक्क्यांचा फरक चार लाख नव्वद हजार होतो. आयकरात घसाऱ्याची सवलत मिळते म्हणून कंपनीच्या नावाने घ्या असं सीए सांगत असेल, तर ही रक्कम त्याच्यासमोर ठेवा.

आणखी एक. मर्सिडीजमध्ये उजव्या हाताच्या दांडीने गिअर पडतो. आयुष्यभर मारुती-होंडा चालवलेला माणूस इंडिकेटर समजून तीच ओढतो आणि चालती गाडी न्यूट्रलला जाते. मी पहिल्या आठवड्यात दोनदा केलं. एसीसाठी मर्सिडीजमध्ये पडद्यावरच बोट ठेवावं लागतं. माझ्या गाडीत बटणं आहेत, पण २०२२ च्या अखेरीस आलेल्या नव्या रूपापासून बीएमडब्ल्यूनेही ती काढून टाकली. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. नजर रस्त्यावर ठेवून, नुसत्या बोटाच्या अंदाजाने पंखा कमी करता यायचा.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले गुळगुळीत रस्त्यावरून फिरवून आणतात. गाडी घरी मागवा. मागे घरातली मोठी माणसं बसवा, आपल्याच बेसमेंटच्या उतारावरून खाली न्या, वर आणा, आणि गल्लीतल्या सगळ्यात वाईट स्पीडब्रेकरवरून घाला. डिकीही उघडून बघा. स्टेपनी कुठे ठेवली आहे आणि ती असताना दोन मोठ्या बॅगा बसतात का, हे तिथल्या तिथे कळेल.