संशोधनाचा पायाभूत अभ्यासक्रम आणि तरुण स्त्री-डॉक्टर

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने तयार केलेला जैववैद्यकीय संशोधनाचा पायाभूत अभ्यासक्रम एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील शिक्षकांना सक्तीचा आहे. त्यामुळे तो करावा की नाही, हा प्रश्नच उरत नाही. त्यातून हाती काय लागते, हा मात्र खरा प्रश्न आहे, आणि कोल्हापुरात एमडीच्या मुलींना थीसिससाठी मार्गदर्शन करताना मी तो मुख्यतः त्यांच्या बाजूने तपासला.

अभ्यासक्रमात 23 व्हिडिओ व्याख्याने आहेत, नोंदणी विनामूल्य आहे आणि परीक्षेसाठी शुल्क भरावे लागते. संशोधन-प्रश्न कसा बांधावा, अभ्यासाची रचना कशी निवडावी आणि नमुन्याचा आकार कसा काढावा, ही व्याख्याने मला सर्वांत उपयुक्त वाटली, कारण सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा प्राथमिक आराखडा, एथिक्स कमिटीपुढे जाण्याआधी ती लक्षपूर्वक ऐकलेल्या मुलीला आपल्या थीसिसमध्ये इतकेच रुग्ण का, याचे उत्तर स्वतः देता येते. रात्रपाळीनंतर किंवा बाळ झोपल्यावर व्याख्यान थांबवून पुन्हा ऐकता येते, ही सोय ज्यांना संध्याकाळच्या चर्चेसाठी वॉर्डात थांबता येत नाही त्यांच्यासाठी फार मोलाची आहे.

तरीही पद्धत शिकवली म्हणजे शोधनिबंध लिहून होतोच असे नाही. अमेरिकेतील 91,073 वैद्यकीय अध्यापकांच्या 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुरुषांच्या नावावर सरासरी 24.8, तर स्त्रियांच्या नावावर 11.6 शोधनिबंध होते. स्त्रिया सरासरीने वयाने लहान होत्या हे खरे, पण वय, अनुभव, विषय आणि संशोधन हिशेबात घेऊनही पूर्ण प्राध्यापकपदावर पोहोचण्यात स्त्रिया पुरुषांच्या मागेच राहिल्या. तिथल्याच तरुण संशोधक-डॉक्टरांच्या 2014 सालच्या अभ्यासात विवाहित आणि मुले असलेल्या स्त्रिया घरकामाला पुरुषांपेक्षा आठवड्याला 8.5 तास जास्त देत होत्या. आकडे परदेशातले आहेत, पण ओपीडी संपवून मास्टर चार्ट, म्हणजे थीसिसमधील सर्व रुग्णांच्या नोंदींचा तक्ता, भरायला बसणारी आणि घरून दोनदा फोन आल्यावर तो तसाच मिटणारी मुलगी मी इथेच पाहते. प्रसूतीरजेवरून परतलेल्या मुलीच्या वाट्याला येणारी घाई तर आणखी वेगळी असते. मेयो क्लिनिकच्या 2011 सालच्या अभ्यासात सुरुवातीला मागे असलेल्या स्त्री-डॉक्टरांनी कारकिर्दीच्या उत्तरार्धात पुरुषांना मागे टाकलेले दिसले. म्हणूनच पहिल्या काही वर्षांतील निबंध मोजून बढतीचा निर्णय घेणे मला अन्यायाचे वाटते.

या पार्श्वभूमीवर अभ्यासक्रमातील उणीव ठळकपणे दिसते. प्रकाशन-नीतीवर एक व्याख्यान आहे आणि ते चांगले आहे. अभ्यासाचे नियोजन आणि व्यवस्थापन यांवरही एक आहे. मात्र सहा महिन्यांच्या रजेने तुटलेले काम पुन्हा कसे जोडावे, त्या काळात रुग्णांची नोंद कोणी घ्यावी, लेखकांच्या क्रमात आपले नाव कसे राखावे, यासाठी लागणारा समोरासमोरचा आधार ध्वनिमुद्रित व्याख्यानातून मिळू शकत नाही. तो महाविद्यालयानेच पुरवायला हवा. ज्या शहरात शाहू महाराजांच्या काळी डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी आजच्या सीपीआरच्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या) जागी असलेल्या रुग्णालयात काम केले, तिथे ही अपेक्षा अवाजवी नाही.

पहिल्याच सत्रात, थीसिसचा विषय ठरण्यापूर्वी, हा अभ्यासक्रम पूर्ण करावा, असे मी प्रत्येक मुलीला सांगते. नंतर केल्यास तो केवळ प्रमाणपत्रापुरता उरतो. त्यासोबत विभागाने दोन गोष्टी कराव्यात: लेखकांचा क्रम सिनॉप्सिसच्या वेळीच लेखी ठरवावा आणि आठवड्यातील एक दुपार ड्युटीच्या तक्त्यात संशोधनासाठी राखून ठेवावी, मुलींसाठी आणि मुलांसाठीही.