शाखा उघडावी की भागीदारी करावी?

जगाच्या अर्थकारणाचा तोल आशियाकडे झुकू लागला, तशा पाश्चात्त्य विद्यापीठांपुढे प्रामुख्याने दोन वाटा आल्या: तिकडे स्वतःची शाखा उघडणे, किंवा तिथल्या विद्यापीठाला भागीदार करून घेणे.

शाखेत अभ्यासक्रम, प्राध्यापकांची निवड आणि पदवीवरचे नाव या तिन्हींवर मूळ संस्थेची पकड राहते. न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१० मध्ये अबू धाबीत याच रीतीने अध्यापन सुरू केले. पण पैसा यजमानाचा आणि शब्द पाहुण्याचा, ही व्यवस्था नाजूकच असते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कतारमधील शाखेचा खर्च कतार उचलत होता, तरी २०२४ मध्ये ती २०२८ पर्यंत बंद करण्याचा ठराव झाला तो टेक्सासमध्ये.

भागीदारीत सत्तेबरोबर ज्ञानाचीही देवाणघेवाण होते, म्हणून मला ती अधिक पटते. चीनमधील सूचौ येथे २००६ मध्ये सुरू झालेल्या शीआन जिआओतोंग-लिव्हरपूल विद्यापीठाच्या पदवीधराच्या हाती दोन प्रमाणपत्रे पडतात, एक चिनी आणि दुसरे ब्रिटनमधील लिव्हरपूल विद्यापीठाचे. म्हणजे दोन्ही व्यवस्थांना त्याचे शिक्षण मान्य करावे लागते, आणि त्यासाठी परीक्षा व गुणांकनाच्या पद्धती जुळवताना दोघांनाही आपापल्या सवयी तपासाव्या लागतात. अर्थात भागीदारीही कायमची नसते. अमेरिकेतील येल विद्यापीठ आणि सिंगापूरचे राष्ट्रीय विद्यापीठ (एनयूएस) यांनी मिळून काढलेले सिंगापूरमधील येल-एनयूएस महाविद्यालय बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये यजमान विद्यापीठाने जाहीर केला, आणि येलला तो स्वीकारावा लागला.