प्री-कमिट आणि रफ : काही महिन्यांच्या वापरानंतर

प्री-कमिट म्हणजे गिटमध्ये कमिट होण्याआधी ठरवलेल्या तपासण्या आपोआप चालवणारं साधन, आणि रफ म्हणजे पायथन कोडमधल्या चुका शोधणारं आणि त्याची मांडणी नीटनेटकी करणारं साधन. पायथनच्या ओपन-सोर्स प्रकल्पात ही जोडी रोज वापरून झालेलं मत आधीच सांगतो : ठेवावी. स्पेस, कॉमा आणि इम्पोर्टवरून रिव्ह्यूत होणारी घासाघीस जवळपास थांबते. पण योगदानाच्या नियमावलीत 'प्री-कमिट इन्स्टॉल चालवा' एवढी एक ओळ लिहून भागत नाही.

ही कमांड प्रत्येकाला आपापल्या क्लोनमध्ये चालवावी लागते, कारण गिटचे हुक (कमिटसारख्या क्रियेवेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) क्लोनबरोबर येत नाहीत. नवखे नेमके इथेच चुकतात. शिवाय 'नो-व्हेरिफाय' लावून हुक कुणालाही टाळता येतो. म्हणून सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) सगळ्या फायलींवर तीच तपासणी हवी. हुक सोयीसाठी, निकाल सीआयचा.

पहिल्याच कमिटला लाल अक्षरात 'फेल्ड' दिसलं की लोक बावचळतात. खरं तर हुकने फाईल दुरुस्त केलेली असते. ती पुन्हा 'गिट अ‍ॅड' करून कमिट करायची, इतकंच. नियमावलीत हे ठळक लिहा, निम्मे प्रश्न कमी होतील.

क्रमही महत्त्वाचा. रफचा लिंटर (चुका शोधणारा भाग) 'फिक्स'सह, म्हणजे आपोआप दुरुस्तीसह आधी, फॉर्मॅटर (मांडणी करणारा भाग) नंतर. उलट केलं तर लिंटरने बदललेल्या ओळी फॉर्मॅट न होताच राहतात. इम्पोर्टची क्रमवारी रफच्या मूळ नियमसंचात नाही, 'आय' हा गट वेगळा जोडावा लागतो. ओळीची मर्यादा मूळची ८८ अक्षरांची आहे. पेप ८ या पायथनच्या अधिकृत शैली-मार्गदर्शिकेतल्या ७९ साठी भांडायची हौस असेल तर खुशाल भांडा. लांबलचक कॉमेंट फॉर्मॅटर तशीही तोडत नाही.

सर्वांत जास्त डोकेदुखी व्हर्जनची. प्री-कमिटच्या कॉन्फिगमध्ये रफचं व्हर्जन 'रेव्ह' या नोंदीने बांधलेलं असतं, एडिटरचं एक्स्टेन्शन मात्र स्वतःचं रफ घेऊन येतं. दोघांची फॉर्मॅटिंगची शैली वेगळी निघाली की एडिटर सेव्ह करताना ओळ एका प्रकारे मांडतो, हुक ती परत फिरवतो. यावर उपाय म्हणजे डेव्हलपमेंट डिपेन्डन्सीत तेच व्हर्जन बांधायचं, एडिटरला तेच वापरायला लावायचं आणि प्री-कमिटच्या 'ऑटोअपडेट' कमांडने हुकची व्हर्जन्स पुढे नेल्यावर दोन्ही आकडे एकाच पुल रिक्वेस्टमध्ये बदलायचे.

मायपाय (पायथनमधले टाइप तपासणारं साधन) हुकमध्ये ठेवू नये, असं माझं मत. प्री-कमिट त्याला वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवतं, तिथे प्रकल्पाच्या डिपेन्डन्सी नसतात. वर मायपायसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या तयार (मिरर) हुकमध्ये न सापडलेले इम्पोर्ट दुर्लक्षित करण्याचा पर्याय आधीच चालू असतो. त्यामुळे हुक हिरवा आणि सीआय लाल, असा प्रकार होतो. डिपेन्डन्सीची यादी हुकमध्ये पुन्हा लिहिता येते, पण ती जुनी पडायला वेळ लागत नाही.

ओळीच्या शेवटची स्पेस काढणारा हुक मार्कडाउनमधले दोन स्पेसचे लाइनब्रेकही खातो. त्याला मार्कडाउन फायलींचं एक्स्टेन्शन (एमडी) वेगळं सांगावं लागतं. चाचण्यांच्या स्नॅपशॉट फायली (अपेक्षित आउटपुट जसंच्या तसं साठवणाऱ्या) तर सरळ वगळाव्यात.

जुन्या कोडबेसवर पहिल्यांदा फॉर्मॅटर फिरवताना तो कमिट स्वतंत्र ठेवा आणि त्याचा हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक) 'गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्हज' फाईलमध्ये टाका, नाहीतर प्रत्येक ओळीच्या ब्लेममध्ये (ती ओळ शेवटची कुणी बदलली या नोंदीत) फॉर्मॅट करणाऱ्याचंच नाव येईल. गिटहब ही फाईल आपोआप वाचतं. स्वतःच्या मशीनवर गिट २.२३ किंवा पुढचं हवं, आणि फाईलचं नाव गिटच्या कॉन्फिगमध्ये द्यावं लागतं. स्क्वॉश करून (सगळे कमिट एकत्र करून) मर्ज करत असाल तर हॅश बदलतो, तेव्हा तो मर्ज झाल्यावरच नोंदवा.